धुराचा दाखला आहे, उजेडाचा नाही

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानासमोर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात उभे राहावे. थोड्या थोड्या वेळाने एखादे गिऱ्हाईक येते, खिशातून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, काळवंडलेला बल्ब काढून काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "हा पण उडाला. आता जरा मोठा द्या." दुकानदार विचारत नाही, की आधीचा किती दिवस टिकला, गाडी कोणती, रात्री किती चालते. तो मागच्या फळीवरून शंभर-नव्वदचा डबा काढतो आणि दोन मिनिटांत व्यवहार पुरा होतो. महिन्याभराने तोच गृहस्थ पुन्हा येतो, तेव्हा तो बल्बच्या कंपनीला शिव्या देत असतो.

या दोन वाक्यांतल्या "पण" आणि "मोठा" या दोन शब्दांविषयी मला लिहायचे आहे. "पण" म्हणजे हे पहिल्यांदा घडलेले नाही. त्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते कोणी शोधलेले नाही. "मोठा" म्हणजे ते कारण न शोधता केलेला उपाय. या उपायाची किंमत बल्ब घेणारा फारशी देत नाही. ती समोरून येणारा देतो, आणि बहुतेक वेळा तो पायी येत असतो.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने हेडलाईटवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि त्यांतली काही मुरबाड तालुक्यात. २ ऑक्टोबर १९९३ पासून सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. त्या काळात दोघा-तिघांनी एकत्र येऊन जुनी जीप घ्यायची आणि ती टोकावडे, धसई, म्हसा या बाजूंना चालवायची, अशी प्रकरणे आमच्याकडे पुष्कळ येत. (हेच धसई पुढे २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. पण आमच्या काळात तिथला हप्ता दहा-दहाच्या नोटांच्या पुडक्यातच यायचा.) प्रकल्प अहवालात डिझेल, टायर, विमा, पासिंग, ड्रायव्हरचा पगार या सगळ्यांचे रकाने असत. दिव्यांचा रकाना नसे. आणि हप्ता तर दिव्यांवर अवलंबून होता. दिवसा एस.टी. असे. जीपवाल्याची खरी कमाई शेवटची एस.टी. निघून गेल्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत. कल्याणहून कामावरून उशिरा परतणारी माणसे मुरबाडच्या नाक्यावर ताटकळत उभी असत आणि एका डोळ्याची का होईना, जीप आली की त्यांना हायसे वाटे.

तारण ठेवलेल्या गाड्यांची तपासणी हा आमच्या कामाचा भाग होता. एका कर्जदाराच्या जीपचे चार बल्ब एका पावसाळ्यात उडाले. त्याने आधी साधे लावले, मग शंभराचे, मग एकशेतीसचे. शेवटी तो मला म्हणाला, "साहेब, ही गाडी बलब खाते. हिला काहीतरी बाधा आहे." बाधा होतीच. मुरबाडच्या एका जुन्या वायरमनने इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावला तेव्हा काटा पंधराच्या पुढे गेला. अल्टरनेटरचा कट-आऊट, म्हणजे विद्युतदाब आवरून धरणारा भाग, निकामी झाला होता. तो बदलला आणि बल्बही साधेच लावले. पुढे माझी बदली होईपर्यंत त्या जीपच्या दिव्यांची तक्रार माझ्या कानावर आली नाही. मिस्त्रीने त्या दिवशी जे सांगितले ते मला नंतर पुस्तकांत वाचायला मिळाले, आणि ते त्याच्या बोलण्यापेक्षा फार वेगळे नव्हते.

हॅलोजन बल्बमधली तार टंगस्टनची असते. हा धातू ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो आणि जळताना तारेचे तापमान तीन हजारांच्या थोडेच अलीकडे असते. म्हणजे ती रोज रात्री मरणाच्या उंबरठ्यावर बसून काम करते. त्या उष्णतेने टंगस्टनची हळूहळू वाफ होते. बल्बमधला आयोडिन किंवा ब्रोमिनसारखा वायू ती वाफ काचेवर चिकटू न देता पुन्हा तारेकडे नेऊन सोडतो. ही देवघेव ठरावीक तापमानातच नीट चालते. विद्युतदाब पाच टक्क्यांनी वाढला की उजेड पंधरा-सतरा टक्क्यांनी वाढतो, पण बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. बारा व्होल्टचे म्हणून विकले जाणारे हे बल्ब प्रत्यक्षात १३.२ व्होल्टला तपासले जातात. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ असणे ठीक, कारण वायरिंगमधून जाताना त्यातले थोडे कमी होते. पण बल्बपर्यंत पंधरा पोचू लागले, तर त्याचे आयुष्य पाचव्या हिश्शावर येते. वर्षभर टिकणारा बल्ब अडीच महिन्यांत जातो. मग त्यात कंपनीचा काय दोष?

वारंवार बल्ब जाण्याची दुसरी कारणे याहून साधी आहेत. बल्ब बसवताना काचेला बोट लागले की घामाचा नि तेलाचा अंश क्वार्ट्झवर राहतो. तापल्यावर तेवढी जागा वेगळी तापते आणि काच तिथे दुबळी होते. म्हणून बल्ब पत्र्याच्या बुडाला धरावा. काचेला हात लागलाच तर स्पिरिटने पुसावा. हे डब्यावर लिहिलेले असते, पण अक्षर इतके बारीक की ते वाचायला दुसरा हेडलाईट लागावा. बल्ब पकडून ठेवणारी तारेची स्प्रिंग सैल झालेली असते आणि खडखडाटी रस्त्यावर तो आतल्या आत थरथरत राहतो. दिव्याच्या पाठीमागे एक रबरी टोपी असते. घाईतला मेकॅनिक ती काढतो आणि पुन्हा बसवत नाही. माळशेजच्या पायथ्याशी, वैशाखऱ्याकडे, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तिथे त्या उघड्या भोकातून दिव्यात पाणी शिरते, रिफ्लेक्टरचा मुलामा जातो आणि तापलेल्या काचेवर एक थेंब पडला तरी बल्बचा निकाल लागतो. मग पाच रुपयांच्या टोपीपायी दोन-अडीचशेचा बल्ब फुकट जातो.

हे झाले "पण"चे. "मोठा"चा रोग वेगळा आहे आणि दोन्ही रोगांवर आपल्याकडे एकच औषध दिले जाते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. बल्ब वारंवार उडणे आणि उजेड कमी पडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा बल्ब लहान म्हणून नव्हे. गाडी आठ-दहा वर्षांची झालेली असते, होल्डर गंजलेला असतो, अर्थची वायर ज्या स्क्रूखाली दाबलेली आहे तिथे हिरवट थर चढलेला असतो. बल्बपर्यंत १३.२ ऐवजी साडेअकरा व्होल्टच पोचतात आणि उजेड जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. रिफ्लेक्टर काळवंडलेला असतो, पुढची काच पिवळी पडून धुरकट झालेली असते. या सगळ्यावर शंभराचा बल्ब लावला की काय होते? पंचावन्नचे दोन बल्ब सव्वानऊ अँपिअर घेतात, शंभराचे दोन साडेसोळाच्या पुढे. वायर तीच, स्विच तोच. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सव्वातीन पट होते. जास्तीच्या उजेडासाठी दिलेल्या पैशांतला काही हिस्सा अशा रीतीने वायर तापवण्यात खर्च होतो. होल्डरचे प्लास्टिक मऊ पडते, पकड ढिली होते, तिथे ठिणग्या पडू लागतात आणि बल्ब पुन्हा उडतो. आता गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते आणि "हा पण" म्हणते.

बँकेच्या भाषेत याला जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणे म्हणतात.

तेव्हा बल्ब घ्यायचा तर कोणता? माझे उत्तर अगदी नीरस आहे. बहुतेक जुन्या गाड्यांना जो एच-४ बल्ब लागतो, तो बारा व्होल्टचा, साठ-पंचावन्न वॅटचा, साधा पांढरट-पिवळ्या उजेडाचा घ्यावा. बुडावर वर्तुळातले इंग्रजी ई अक्षर आणि त्यापुढे आकडा आहे का, ते पाहावे; ती युरोपातल्या मान्यतेची खूण आहे. डबा नामांकित कंपनीचा आणि आत भलताच बल्ब, असे प्रकार बाजारात असतात, म्हणून बुडावरची अक्षरे डब्याशी जुळवून पाहावीत. निळ्या रंगाच्या बल्बच्या नादी लागू नये. तो निळा थर तारेच्या उजेडातला काही भाग गाळतो. ते नुकसान भरून काढायला तार जास्त तापवावी लागते, म्हणजे आयुष्य आणखी कमी. जादा उजेडाचे म्हणून मिळणारे महाग बल्ब खोटे नसतात, पण त्यांचाही हिशेब तोच: उजेड जास्त, दिवस कमी. एक बल्ब गेला की दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणून जोडी बदलावी आणि चालू असलेला जुना बल्ब डिकीत ठेवावा. आणि उजेड कमीच पडत असेल, तर आधी अर्थ घासून घ्यावी. मग बॅटरीपासून थेट जाड वायर ओढून मध्ये रिले टाकावा. हजार-बाराशेत हे काम होते. साध्याच बल्बचा उजेड त्यानंतर ओळखू येत नाही.

आता रस्त्यावर येऊ. शहापूर–किन्हवली–सरळगाव हा रस्ता किंवा सरळगावहून टोकावड्याकडे जाणारा महामार्ग रात्री आठनंतर पाहिला, तर तिथे कोण असते? एका बाजूला घाट चढायच्या घाईतले ट्रक, आठवडाअखेरीला माळशेजला निघालेल्या मुंबईच्या मोटारी, गवताच्या गाठी दोन्ही बाजूंना ओथंबलेले टेंपो. दुसऱ्या बाजूला कातकरी, ठाकर, महादेव कोळी वाड्यांवरची, बाजार करून किंवा मजुरीवरून परतणारी माणसे. बाईच्या डोक्यावर पाटी, पुरुषाच्या हातात मुलाचा हात. अंगावर गडद कपडे. दिवाळी सरली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडे निघतात, तीही याच रस्त्यांनी. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते; मोठा बैलबाजार असतो, आणि बैल रस्त्यानेच येतात. रामनवमीच्या सुमारास मुंबईहून शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या आसनगाव, खर्डी, कसारा अशा जातात आणि उन्हाच्या भीतीने पुष्कळसे अंतर रात्री नि पहाटे तोडतात.

समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांचे झोत एकमेकांत मिसळतात तेव्हा त्या उजेडाच्या मधोमध, विचित्र वाटेल, पण एक काळोखी पोकळी तयार होते. दोघाही चालकांचे डोळे दिपलेले असतात आणि त्या दोघांच्या मध्ये असलेला माणूस दोघांनाही दिसत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. डोळे सावरायला दोन-तीन सेकंद लागले तर तेवढ्यात ती तीस-पन्नास मीटर आंधळेपणाने गेलेली असते. चालकाचे वय पन्नास-साठच्या पुढे असेल तर आणखी वेळ लागतो, हे मी आता स्वतःच्या डोळ्यांवरून सांगू शकतो.

बँकेत मृत खातेदारांच्या खात्यांचे वारसदावे माझ्या टेबलावर येत. त्यातला एक मला विसरता आलेला नाही. वाडीवरचा माणूस, खात्यात साडेतीनशे रुपये, बायको दोन मुलांना घेऊन आलेली. कागदपत्रांत पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत होती. रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेने पायी चाललेला, समोरच्या वाहनाच्या प्रखर झोतामुळे चालकाला दिसला नाही. अशा अर्थाचे एक वाक्य, आणि प्रकरण संपले. ज्याच्या चाकाखाली तो आला त्या चालकाचे नाव पंचनाम्यात होते. ज्याच्या झोतामुळे तो दिसला नाही तो केव्हाच निघून गेला होता, आणि आपल्या मागे काय झाले हे त्याला कळलेही नसेल. मोठा बल्ब लावणाऱ्याला आपण कोणाचे नुकसान करतो असे कधीच वाटत नाही, याचे कारण हे आहे. नुकसान त्याच्या आरशातही दिसत नाही.

एका डोळ्याच्या गाडीचेही तेच. उजवा दिवा गेलेली जीप किंवा टेंपो समोरच्याला मोटरसायकल वाटतो. तो तेवढीच जागा सोडतो. म्हणून बल्ब उडाला की "उद्या बघू" म्हणायचे नसते. डिकीतला जुना बल्ब त्याच वेळी उपयोगी पडतो. गाडी बंद करून, दिवा निवू देऊन, रुमालात धरून तो लावायला दहा मिनिटे पुरतात.

कायदा आहे का? आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत खाली झुकलेला असावा. दिव्यापासून आठ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण आपल्याकडच्या उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. नियम करणाऱ्याने पायी चालणाऱ्याचा विचार केला होता असे मानायला जागा आहे. पण हे आठ मीटर आणि दीड मीटर रस्त्यावर मोजताना मी कोणाला पाहिलेले नाही. धूर मोजला जातो. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आपण पंपावर जातो, नळीत सळई घालून घेतो आणि पी.यू.सी.चा कागद खिशात टाकतो. व्यापारी वाहनांचे दिवे निदान ठरावीक मुदतीने पासिंगच्या वेळी पाहिले जातात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्या पंधरा वर्षांत तिच्या दिव्यांकडे बघण्याचे कोणावरही बंधन नाही. घाटात येणाऱ्या आठवडाअखेरीच्या मोटारी बहुतांशी खासगीच असतात.

पूर्वी लोकांना याची निदान आठवण तरी होती. डिसेंबर १९७१ मधले युद्ध मला शाळकरी वयातले आठवते. ब्लॅकआऊटमध्ये गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असे आणि वाहने बिचकत चालत. युद्ध संपले तरी दिव्याच्या मध्यावर काळा टिळा लावायची पद्धत पुढे कित्येक वर्षे होती. तो टिळा शास्त्रीयदृष्ट्या फार उपयोगाचा होता असे नाही. पण तो लावणाऱ्याच्या मनात समोरचा माणूस होता. ट्रकच्या पाठीवर "यूज डिपर ॲट नाईट" अजून रंगवतात. ते आता नक्षीसारखे झाले आहे.

चालकांची बाजू मी ऐकलेली आहे आणि ती पोकळ नाही. ते म्हणतात, साहेब, तुम्ही साधा बल्ब लावा म्हणता, पण रस्त्यावर पांढरा पट्टा नाही, वळणाचा फलक झाडीत गेलाय, मोरीचा कठडा तुटलाय, मग दिसायचे कसे? खरे आहे. या भागात पाऊस असा पडतो की जूनमध्ये मारलेला पट्टा दसऱ्याला दिसत नाही. पूर्वी रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे नि गेरूचे पट्टे ओढलेले असत. साध्या दिव्यातही ती झाडांची रांग पुढचे वळण दाखवत असे. रुंदीकरणात झाडे गेली, पट्टेही गेले. शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा आता राष्ट्रीय महामार्ग आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तिथे कुंपण आहे, चमकणारे पट्टे आहेत, पायी माणूस नाही. तिथून उतरून एखादा चालक किन्हवलीच्या रस्त्याला लागतो, तेव्हा त्याचा वेग आणि त्याचा अप्पर दोन्ही त्याच्याबरोबर उतरतात. कडेचा पट्टा दर दिवाळीपूर्वी पुन्हा मारणे, वळणांवर चमकणाऱ्या खुंट्या ठोकणे, वाडीच्या फाट्यावर एखादा सौरदिवा लावणे, ही कामे सार्वजनिक बांधकाम विभागाने केली तर निम्मी माणसे आपोआप शंभराच्या बल्बवरून खाली येतील. बाकीच्या निम्म्यांविषयी मला खात्री नाही. काहींना मोठा झोत हा मोठ्या हॉर्नसारखाच हवा असतो.

अलीकडे दुकानदार "हा उडतच नाही" म्हणून जुन्या गाड्यांना एल.ई.डी.चे बल्ब देतात. ज्या दिव्याचा रिफ्लेक्टर तारेसाठी घडवलेला आहे, त्यात हा बसवला की उजेडाचे उगमस्थान तसूभर इकडेतिकडे होते आणि झोत फुटतो. घातलेल्याला वाटते, काय लख्ख पडलाय. तो रस्त्यापेक्षा समोरच्याच्या चेहऱ्यावर जास्त पडलेला असतो. कारखान्यातूनच एल.ई.डी. दिवा घेऊन येणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा झोत नीट कापलेला असतो. पण तोही चुकीच्या कोनात असला की पूर्वीच्या कोणत्याही दिव्यापेक्षा वाईट. बऱ्याच मोटारींत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचे एक छोटे चाक असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, झोत वर जातो. तो खाली आणण्यासाठी ते चाक आहे. ते फिरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मागे चौदा जण बसवलेल्या जीपला तर तेही नाही.

पायी चालणाऱ्यांना सांगतात, की पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरच्या वाहनाकडे तोंड करून चाला. सल्ला बरोबर आहे. पण त्या तोंडावर शंभराचा झोत मारला तर तो चालणारा स्वतःच्या पायापुढचा खड्डाही पाहू शकत नाही, आणि मग तो पाठ फिरवून डाव्या बाजूला जातो.

माझी सूचना लहान आहे. धुराच्या दाखल्याबरोबर दिव्याचा दाखला द्यावा. त्यासाठी परदेशी यंत्र आणायलाच हवे असे नाही. त्या मुरबाडच्या मिस्त्रीकडे गॅरेजच्या मागच्या भिंतीवर चुन्याची आडवी रेघ होती. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून साडेसात मीटरवर, नेहमीच्या भाराने उभी करायची. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करून घ्यायची. डिपरचा झोत वरून जिथे कापला जातो, ती कड त्या खुणेच्या चार बोटे खाली असली पाहिजे, आणि डावीकडे किंचित चढलेली. नसेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. तो याचे दहा रुपये घेई आणि बल्ब त्याच्याकडून घेतला असेल तर तेही घेत नसे. प्रत्येक पी.यू.सी. केंद्राजवळ एक भिंत असतेच.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर मुरबाड आणि शहापूरच्या व्यापारी मंडळींनी, पेट्रोल पंपांनी आणि पोलिसांनी मिळून वर्षातून दोनदा हे करून पाहायला हरकत नाही: एकदा म्हशाच्या यात्रेआधी आणि एकदा रामनवमीआधी. मी बसल्या बसल्या अंदाजपत्रक केले. एका पंपामागे चुन्याची एक पिशवी, एक मोजपट्टी, दोन संध्याकाळचे एका वायरमनचे पैसे, गाड्या थांबवायला एक हवालदार आणि ज्यांचा शंभराचा बल्ब काढून घ्यायचा त्यांना देण्यासाठी साठ-पंचावन्नचे पन्नास बल्ब. बल्ब हाच यातला मोठा खर्च आहे आणि तो सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांनी उचलावा, असे माझे मत आहे. काढलेले शंभराचे बल्ब मात्र त्यांना परत देऊ नयेत.